लायगोचा फुकट डेटा: त्यातल्या टायमिंगवर किती भरवसा ठेवायचा?

रिव्ह्यू कशाचा ते आधी क्लिअर करतो. ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर नावाची साइट आहे, लायगो (अमेरिका), व्हर्गो (इटली) आणि काग्रा (जपान) हे डिटेक्टर चालवणाऱ्या तिन्ही मंडळींचा गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींचा, डेटा तिथे फुकट मिळतो, लॉगिन नाही, ओटीपी नाही, 'आमचा माणूस कॉल करेल' नाही. या साइटबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक 'ब्लॅक होलचा आवाज ऐका' टाइपचं असतं, त्यात मला फारसा रस नाही. माझं रोजचं काम सिग्नल प्रोसेसिंगचं, त्यामुळे कुठलाही डेटा हातात आला की पहिला प्रश्न हाच पडतो की बाबा या सॅम्पलवर, म्हणजे मोजलेल्या एकेका आकड्यावर, जो टाइम लिहिलाय तो खरा आहे का, आणि खरा असेल तर तो नेमका कशाचा, लहर आली त्या क्षणाचा की कॉम्प्युटरने आकडा लिहून घेतला त्या क्षणाचा? या दोन्हींत शेकडो मायक्रोसेकंदांचा फरक पडू शकतो, आणि तो फरक काढून टाकणं हा कॅलिब्रेशनमधला, म्हणजे मशीनच्या कच्च्या आकड्यांवरून खरी लहर काढण्यातला, सगळ्यात किचकट भाग आहे, ज्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. तर हा रिव्ह्यू फक्त त्या अँगलने. निकाल आत्ताच सांगून टाकतो: माल एक नंबर, पण मालावरचं लेबल अर्धवट.

सुरुवात करायला सगळ्यात सोपी फाइल म्हणजे १४ सप्टेंबर २०१५ ची, गुरुत्वीय लहर पहिल्यांदाच पकडली गेली ती पहिली घटना. ३२ सेकंदांची फाइल घेतली तर ४०९६ हर्ट्झवाली, म्हणजे सेकंदाला ४०९६ सॅम्पलची, जेमतेम १ एमबी भरते, १६३८४ वाली त्याच्या चौपट. आत उघडून बघितलं तर तीन कप्पे: मेटा, स्ट्रेन आणि क्वालिटी. स्ट्रेन म्हणजे डिटेक्टरच्या ४-४ किलोमीटरच्या दोन बाहूंच्या लांबीत पडलेला फरक भागिले ४ किलोमीटर, क्वालिटीमध्ये दर सेकंदाला एक असे मास्क (हो-नाहीच्या खुणा), त्या सेकंदाचा डेटा वापरण्यालायक आहे का आणि तेव्हा मुद्दाम खोटा सिग्नल घातला होता का, एवढंच. बास. साधं, स्वच्छ, कुठे फापटपसारा नाही. पायथनवाल्यांना तर जीडब्ल्यूपाय लायब्ररीत एका ओळीत डिटेक्टरचं नाव आणि सुरुवात-शेवटचा टाइम दिला की डेटा थेट येतो. या भागाला पैकीच्या पैकी मार्क.

आता ती फेमस ट्रिक करून बघितलीच पाहिजे. लिव्हिंग्स्टन, म्हणजे लुइझियानातला डिटेक्टर, आणि हॅनफर्ड, म्हणजे वॉशिंग्टन राज्यातला, यांच्यात साधारण ३००० किलोमीटर अंतर, प्रकाशाला १० मिलिसेकंद लागतात. पहिली लहर लिव्हिंग्स्टनला आधी आली आणि ६.९ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. दोन्ही डेटा व्हाइटन करा (सगळ्या फ्रीक्वेन्सींचा नॉइज सारखा करा), बँडपास मारा (हवा तेवढाच पट्टा ठेवा), एक सरकवा, एक उलटा करा, की दोन्ही चिर्प (लहरीचा चढत जाणारा सूर) एकमेकांवर बसतात, आणि खरं सांगू का, कितीही टेक्निकल माणूस असला तरी तेव्हा थोडं भारी वाटतंच. पण सरकवताना एक गंमत आहे. ४०९६ च्या फाइलमध्ये एक सॅम्पल म्हणजे २४४ मायक्रोसेकंद, मग ६.९ मिलिसेकंद म्हणजे सव्वा अठ्ठावीस सॅम्पल होतात, आणि पाव सॅम्पल काही सरकवता येत नाही, तुम्हाला २८ वर थांबावं लागतं नाहीतर इंटरपोलेशन करावं लागतं. १६३८४ मध्ये एक सॅम्पल ६१ मायक्रोसेकंदांचं, तिथे तेच अंतर जवळजवळ बरोब्बर ११३ सॅम्पल भरतं. साइटवर दोन्ही फाइली शेजारी शेजारी दिलेल्या असतात आणि नवीन माणूस साइज बघून छोटी उचलतो. बरं, छोट्या फाइलचा आणखी एक प्रॉब्लेम, डाउनसॅम्पल करताना लावलेल्या फिल्टरमुळे ती साधारण १७०० हर्ट्झच्या वर वापरायची नसते. हे लिहिलेलं आहे, नाही असं नाही, पण डाउनलोड बटणाच्या शेजारी नाही.

टाइमचा दुसरा लोचा म्हणजे जीपीएस सेकंद. इथे सगळं जीपीएस टाइममध्ये चालतं, ६ जानेवारी १९८० पासून मोजलेले सेकंद, त्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ घालायला जोडलेले जादा सेकंद) धरत नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये जीपीएस आणि यूटीसीमध्ये (जगाच्या नेहमीच्या घड्याळात) १७ सेकंदांचा फरक होता, २०१७ च्या १ जानेवारीपासून १८ चा झाला. म्हणजे पहिल्या घटनेसाठी एक आकडा आणि १७ ऑगस्ट २०१७ च्या, दोन न्यूट्रॉन तारे आदळले त्या घटनेसाठी दुसरा. साइटवर कन्व्हर्टर दिलाय आणि तो नीट चालतो, हाताने वजाबाकी करायच्या भानगडीत पडू नका. विशेषतः त्या २०१७ च्या घटनेत, कारण तिथे गॅमा किरण लहरीनंतर १.७ सेकंदांनी आले, आणि तुमचा एक सेकंद इकडे तिकडे झाला तर सगळी गोष्टच बदलते.

पण हे सगळं वरवरचं झालं. खरा मुद्दा आतला आहे, आणि त्यासाठी मशीन कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल. लायगोचे आरसे मोकळे लटकत सोडून दिलेले नसतात, दोन बाहूंच्या लांबीतला फरक सतत मोजला जातो आणि एक कंट्रोल लूप आरशांना ढकलून तो फरक दाबत राहतो, नाहीतर मशीन लॉकमध्ये, म्हणजे मोजण्याच्या स्थितीत, राहणारच नाही. आता लहर आली की तीही हाच फरक घडवते, आणि लूप बिचारा तिलाही दाबतो, त्याला काय माहीत कोण पाहुणा आणि कोण चोर. म्हणून खरी लहर हवी असेल तर दोन गोष्टी मिळवायला लागतात: एक, दाबूनही जो फरक उरला तो, आणि दोन, दाबण्यासाठी लूपने आरशाला किती ढकललं तो. खड्ड्याचा अंदाज घ्यायचा तर गाडी किती उडाली एवढं बघून चालत नाही, ड्रायव्हरने स्टिअरिंग किती ओढलं तेही धरावं लागतं, तसंच. पहिल्या वाटेला सेन्सिंग म्हणतात, तिचा उलटा फिल्टर लावायचा, दुसरीला अॅक्च्युएशन, तिचा सरळ फिल्टर लावायचा, दोन्हींची बेरीज करायची, ४ किलोमीटरने भागायचं, झाली स्ट्रेन तयार. काही दहा हर्ट्झच्या खाली अॅक्च्युएशनची वाट वरचढ असते, वर गेलं की सेन्सिंगची, आणि मधल्या पट्ट्यात दोघींचं वजन साधारण सारखं.

आणि उशीर इथे घुसतो. आरसा हलला, त्याची खबर घेऊन प्रकाश कोपऱ्यावरच्या इमारतीत यायला ४ किलोमीटरचे १३ मायक्रोसेकंद. मग फोटोडायोड (प्रकाशाची वीज करणारा), मग अँटी-एलियासिंगचा अॅनालॉग फिल्टर, मग एडीसी (विजेचे आकडे करणारा), तो ६५५३६ हर्ट्झने चालतो, मग त्याचे १६३८४ करणारा डिजिटल फिल्टर, मग एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जायला एकेक क्लॉक सायकल, म्हणजे एका सॅम्पलचा वेळ. हे सगळं सेन्सिंगच्या वाटेवर. अॅक्च्युएशनच्या वाटेवर पुन्हा तीच मिरवणूक उलट्या दिशेने, कॉम्प्युटर, अपसॅम्पलिंग, डीएसी (आकड्यांची पुन्हा वीज करणारा), अँटी-इमेजिंग फिल्टर, ड्रायव्हर, आणि शेवटी आरसा. प्रत्येक टप्पा काही मायक्रोसेकंद ते काही दहा मायक्रोसेकंद खातो. एकेकटा बघितला तर किरकोळ वाटतो, बेरीज शेकड्यात जाते.

आता समजा दोन्ही वाटांमधला ४०० मायक्रोसेकंदांचा फरक तुम्ही धरलाच नाही. उशिराने फेज (लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते, अंशांत) किती सरकते याचा हिशोब शाळेतल्या मुलाला जमेल असा आहे, ३६० गुणिले फ्रीक्वेन्सी गुणिले उशीर. ५० हर्ट्झला ७.२ अंश. वाटतं की सात अंशांनी काय होतंय, पण लक्षात घ्या की इथे दोन जवळजवळ सारख्या लांबीच्या बाणांची बेरीज चाललीये, एक बाण सात अंश फिरला की बेरजेची दिशा तर चुकतेच, लांबीही चुकते. म्हणजे टायमिंगची चूक अँप्लिट्यूडमध्ये जाऊन बसते, आणि तिथे ती कोणाला टायमिंगची चूक म्हणून ओळखूही येत नाही. मला विचाराल तर हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात डेंजर भाग आहे. वरच्या फ्रीक्वेन्सीला गोष्ट सरळ आहे, तिथे सेन्सिंग एकटीच बोलते, फक्त ६१ मायक्रोसेकंदांची एक क्लॉक सायकल चुकली तरी १००० हर्ट्झला २२ अंश जातात, पण निदान ते दिसतं तरी.

यावर लायगोच्या लोकांनी काढलेला उपाय मला जाम आवडला. सेन्सिंगचा उशीर काढायचा म्हणजे सिग्नल काळात पुढे आणायचा, म्हणजे जे सॅम्पल अजून आलंच नाही ते आत्ता वापरायचं. डिटेक्टरपाशी बसलेला रिअल-टाइम कॉम्प्युटर हे करूच शकत नाही, त्याला दर सायकलला उत्तर द्यावं लागतं. मग काय केलं, सेन्सिंगला पुढे ओढण्याऐवजी अॅक्च्युएशनला मागे धरलं. दोघांमध्ये जेवढा एकूण फरक आहे तेवढ्या पूर्ण क्लॉक सायकली अॅक्च्युएशनच्या वाटेवर डिले म्हणून घातल्या, त्यामुळे दोघं एकमेकांशी जुळले, बेरीज बरोबर आली, फक्त सगळं मिळून थोडं उशिरा आलं, आणि अख्ख्या सिग्नलचा सारखा उशीर नंतर पुढच्या टप्प्यात काढता येतो. तो पुढचा टप्पा म्हणजे जीएसटी-लाल नावाची पाइपलाइन, तिच्यात लांब एफआयआर फिल्टर (मागच्यापुढच्या पुष्कळ सॅम्पलची वजन लावून बेरीज करणारे) असतात, काही सेकंद थांबायची मुभा असते, त्यामुळे तिथे सॅम्पलच्या अपूर्णांकातलाही उशीर काढता येतो आणि रिअल-टाइमवाल्याला न जमलेले उलटे फिल्टरही लावता येतात. त्याच्यानंतर महिन्यांनी, मॉडेल सुधारलं की, लागेल तो डेटा ऑफलाइन पुन्हा एकदा बनवतात. साइटवर आपल्याला जो मिळतो तो हा सगळ्यात शेवटचा, सुधारलेला. ओ-वनच्या, म्हणजे मोजणीच्या पहिल्या मोहिमेच्या किंवा रनच्या, वेळी सी-झिरो-टू, ओ-थ्रीला, म्हणजे तिसऱ्या रनला, सी-झिरो-वन अशी या सुधारलेल्या डेटाची आतली नावं आहेत. म्हणजे तुम्ही फाइल उघडता तेव्हा वर सांगितलेला एकूण एक उशीर वजा होऊन आलेला असतो, तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागत नाही. फुकटात!

आता हे खरं कशावरून? मॉडेलमध्ये १३ लिहिलं, ६१ लिहिलं, बेरीज केली, पण मशीन तसंच वागतंय हे कोणी बघितलं? तर त्यासाठी फोटॉन कॅलिब्रेटर असतो, सगळे त्याला पी-कॅल म्हणतात. टोकाच्या ४० किलोच्या आरशावर १०४७ नॅनोमीटरचा वेगळा लेझर टाकतात, त्याची पॉवर कमीजास्त करतात, प्रकाशाच्या दाबाने आरसा माहीत असलेल्या मापाने हलतो. पॉवर मोजायचं उपकरण अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या सरकारी संस्थेकडून तपासून आणलेलं. मग आपण आरसा इतका हलवला आणि स्ट्रेनमध्ये इतका दिसला, दोन्हींचा भागाकार करायचा. सगळं बरोबर असेल तर उत्तर १ आणि फेज शून्य. यात पी-कॅलच्या स्वतःच्या मोजणीच्या वाटेवरचे उशीरही आधी वजा करावे लागतात, नाहीतर तराजूच वाकडा.

आणि या भागाकारातून काय चुकलं ते ओळखायची पद्धत मस्त आहे. उरलेली फेज फ्रीक्वेन्सीसमोर मांडायची, आणि आडवी पट्टी लॉग न ठेवता साधी ठेवायची. उशीर उरला असेल तर शून्यातून निघालेली सरळ रेघ दिसते, १०० हर्ट्झला २.२ अंश, १००० ला २२, की समजायचं ६१ मायक्रोसेकंद म्हणजे एक सायकल कुठेतरी राहिली. पण एक भामटा आहे जो उशिरासारखा दिसतो, तो म्हणजे कॅव्हिटी पोल. बाहूंमध्ये प्रकाश काही काळ रेंगाळतो त्यामुळे सेन्सिंगला साडेतीनशे-चारशे हर्ट्झच्या आसपास एक पोल असतो, म्हणजे त्याच्या वरच्या फ्रीक्वेन्सींना प्रतिसाद घसरत जातो. ४०० चा धरला तर खालच्या फ्रीक्वेन्सीला तो हुबेहूब ४०० मायक्रोसेकंदांच्या उशिरासारखा वागतो, रेघही सरळच दिसते. फरक वर गेल्यावर कळतो, पोलची फेज वाकत जाऊन ९० अंशांपाशी अडकते, उशिराची रेघ थांबतच नाही. म्हणून एकाच फ्रीक्वेन्सीवर मोजून भागत नाही. वर हा पोल आरशांचं अलाइनमेंट आणि तापमान बदललं की सरकतो, दिवसभर तोच राहील याची गॅरंटी नाही, म्हणून मशीन चालू असताना सतत काही ठरलेल्या सुरांवर आरसा हलवत ठेवतात. ओ-वनच्या हॅनफर्डच्या डेटाचा स्पेक्ट्रम काढा, ३६.७, ३३१.९ आणि १०८३.७ हर्ट्झला टोचलेल्या सुया दिसतील. नवीन लोकांना वाटतं हा मशीनचा कचरा आहे आणि ते नॉच फिल्टर (तेवढीच एक फ्रीक्वेन्सी कापणारा) मारून मोकळे होतात. तो कचरा नाहीये राव, त्या सुयांवरच बाकीच्या डेटाचा भरवसा उभा आहे. नंतरच्या रनमध्ये त्या स्ट्रेनमधून वजा करून टाकल्या, त्यामुळे डेटा दिसायला स्वच्छ झाला पण शिकायला ओ-वनच बरा.

घड्याळाची बाजू वेगळी. एडीसी-डीएसी सगळे जीपीएसला बांधलेले, आणि त्यावर पहारा म्हणून ड्युओटोन नावाचा प्रकार, ९६० आणि ९६१ हर्ट्झच्या दोन सुरांची बेरीज एडीसीच्या एका चॅनेलला कायम दिलेली असते. दोन सुरांत एक हर्ट्झचा फरक, त्यामुळे त्यांचा मेळ दर सेकंदाला एकदाच जुळतो, तो सेकंदाच्या ठोक्यापासून किती लांब जुळला यावरून एडीसीचं कार्ड किती मागेपुढे आहे ते कळतं. स्वस्त आणि डोकेबाज. शिवाय प्रत्येक डिटेक्टरपाशी अणुघड्याळ आणि दुसरा जीपीएस रिसीव्हर ताळा करायला. पहिल्या शोधाच्या पेपरमध्ये त्यांनी टायमिंग १० मायक्रोसेकंदांपेक्षा चांगलं असल्याचं लिहिलं होतं.

हे १० मायक्रोसेकंद पुरेसे आहेत का? आकाशात लहर कुठून आली ते दोन डिटेक्टरमधल्या वेळेच्या फरकावरून काढतात. १० मिलिसेकंदांच्या तुलनेत १० मायक्रोसेकंद म्हणजे हजारावा भाग, दिशेत साधारण ०.०६ अंश. आणि पहिल्या घटनेचा ६.९ मिलिसेकंदांचा आकडाच मुळी अधिक ०.५, उणे ०.४ असा दिलेला आहे, म्हणजे नॉइजमुळे येणारी अनिश्चितता घड्याळाच्या ४०-५० पट मोठी. त्या घटनेची जागा सुमारे ६०० चौरस अंशांत कुठेतरी, एवढंच सांगता आलं होतं, त्यात घड्याळाचा काही दोष नाही, डिटेक्टरच दोन होते. २०१७ मध्ये व्हर्गो धरून तीन झाले तेव्हा २८ चौरस अंशांवर आलं आणि एनजीसी ४९९३ ही आकाशगंगा सापडली. तर माझं मत असं की साइटवरच्या डेटात दोन डिटेक्टरमधल्या वेळेची काळजी करायची गरज नाही, काळजी करायची तर लूपच्या आतल्या उशिराची, जो फेज आणि अँप्लिट्यूड दोन्हींत लपून येतो. आणि गंमत म्हणजे साइट पहिल्याबद्दल भरपूर बोलते, दुसऱ्याबद्दल जवळजवळ गप्प.

इथून तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार म्हणजे अनिश्चितता स्ट्रेनच्या फाइलसोबत मिळत नाही. पहिल्या घटनेच्या वेळी सांगितलेला आकडा होता २० ते १००० हर्ट्झमध्ये १० टक्के आणि १० अंश. ओ-थ्रीच्या पहिल्या भागात २० ते २००० हर्ट्झमध्ये ७ टक्के आणि ४ अंशांच्या आत. ही सुधारणा जबरदस्त आहे, कौतुक आहेच, पण हे सगळ्या काळाचं मिळून वरचं कुंपण झालं, प्रत्यक्षात चूक फ्रीक्वेन्सीप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलते. तिच्या फाइली पब्लिक आहेत, पण लायगोच्या डॉक्युमेंटच्या गोदामात, वेगळ्या नंबरखाली, वेगळ्या फॉरमॅटमध्ये. किराणा एका दुकानात आणि एक्स्पायरी डेट दुसऱ्या गल्लीत असं झालं हे. मेटा कप्प्यात एक लिंक टाकायला काय जातंय?

दुसरं, व्हर्गोवाले ओ-थ्रीसाठी ५ टक्के अँप्लिट्यूड, ३५ मिलिरेडियन फेज आणि १० मायक्रोसेकंद टायमिंग असं तीन आकड्यांत वेगवेगळं सांगतात. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण त्यातून लगेच कळतं की १००० हर्ट्झला फेजमध्ये २ अंश आणि वर उशिराचे ३.६ अंश. लायगो सगळं एकाच फेजमध्ये मिसळून देतं. गणिताच्या दृष्टीने चुकीचं काही नाही, पण यातला उशीर किती आणि पोलची चूक किती हे बाहेरच्या माणसाला वेगळं काढता येत नाही.

तिसरं म्हणजे नेहमीच्या फाइलीत फक्त तयार स्ट्रेन मिळते, लूपचे दोन कच्चे चॅनेल मिळत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेली बेरीज स्वतः करून बघायची असेल तर पेपर वाचण्यावाचून पर्याय नाही. १४ ऑगस्ट २०१७ च्या घटनेभोवतीचे तीन तासांचे सहायक चॅनेल त्यांनी सोडले होते आणि नंतर ओ-थ्रीचेही काही सोडले, ते चांगलं केलं, पण मला हवं ते म्हणजे दहा मिनिटांचा, कॅलिब्रेशन शिकण्यासाठीच बनवलेला छोटा संच. दोन कच्चे चॅनेल, पी-कॅल, फिल्टर, आणि शेवटची स्ट्रेन. 'घ्या, तुम्हीच जुळवा.' एवढं दिलं तर कॉलेजच्या पोरांचं सोनं होईल. सध्या व्हिएट्स आणि मंडळींचा २०१८ चा पेपर हाच त्यातल्या त्यात वाचनीय आहे, त्यात पाइपलाइनच्या आकृत्या नीट आहेत.

ट्युटोरियल बाकी छान. ब्राउझरमध्येच चालतात, लॅपटॉप जुना असला तरी अडत नाही. एकच सांगतो, फिल्टरची दिशा सांभाळा. साधा एल-फिल्टर (पायथनमधला, फक्त पुढच्या दिशेने चालणारा) लावला की तो स्वतःचा उशीर घालतो, ३५ ते ३५० हर्ट्झच्या बँडपासला खालच्या टोकाला हा उशीर सहज मिलिसेकंदांत जातो. तिकडे लोकांनी मायक्रोसेकंदासाठी जीव काढलाय आणि आपण घरी बसून मिलिसेकंद घालतोय. साइटच्या ट्युटोरियलमध्ये फिल्ट-फिल्ट वापरलंय, पुढून एकदा आणि मागून एकदा, त्यामुळे फेज शून्य राहते. पण एका पेड ऑनलाइन कोर्समध्ये, नाव घेत नाही, चक्क एल-फिल्टर लावून ग्राफवर 'हा बघा लहर आल्याचा अचूक क्षण' असा बाण काढलेला बघितला. दोन्ही डिटेक्टरला एकच फिल्टर होता म्हणून मधला फरक बरोबर आला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. पैसे देऊन हे शिकायचं, आणि फुकटवाल्या साइटवर बरोबर दिलेलं.

टीकेचं म्हणाल तर २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटच्या एका ग्रुपने याच पब्लिक डेटावरून असा दावा केला होता की दोन डिटेक्टरच्या नॉइजमध्येही त्याच ७ मिलिसेकंदांच्या अंतराने साम्य दिसतंय. बराच गदारोळ झाला, इतरांनी तोच डेटा घेऊन स्वतंत्रपणे तपासलं आणि सिग्नल नीट वजा केल्यावर तसं काही उरत नाही असं निघालं. मला यात साइटचा विजय दिसतो. डेटा कपाटात असता तर हे भांडण झालंच नसतं आणि मिटलंही नसतं.

डाउनलोडबद्दल थोडक्यात. पूर्ण रनच्या फाइली ४०९६ सेकंदांच्या तुकड्यांत येतात, ४०९६ हर्ट्झवाला एक तुकडा हिशोबाने १२८ एमबीच्या घरात आणि १६३८४ वाला चौपट, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अख्खा महिना उतरवायला बसू नका. व्हर्जन मात्र बघून घ्या. पहिल्या घटनेच्याच फाइलींची एकाहून जास्त व्हर्जन आहेत, मॉडेल सुधारत गेलं तशा, आणि जुन्या ब्लॉगांवरच्या लिंक अजून जुनीच फाइल देतात.

आपल्याकडे हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतंय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. औंढ्यापासून दोन्ही अमेरिकन डिटेक्टरपर्यंत सरळ रेषेत प्रकाशाला ३५ ते ३८ मिलिसेकंद लागतील, म्हणजे हॅनफर्ड-लिव्हिंग्स्टनच्या साडेतीन पट लांब पाया, दिशा त्या प्रमाणात जास्त बारीक कळणार. तिथेही हेच सगळं, १३ मायक्रोसेकंदांपासून, पहिल्यापासून मोजावं लागेल, आणि ते मोजणारी माणसं आत्ता कुठल्यातरी एमएस्सीच्या वर्गात बसलेली असतील. त्यांच्यासाठी तरी तो छोटा शिकाऊ संच कोणीतरी काढा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने मनावर घेतलं तर मराठीत टिपा लिहायला मी तयार आहे.

रेटिंग द्यायचंच तर डेटाला ५ पैकी ५, ट्युटोरियलला ४, कॅलिब्रेशनच्या माहितीला २, तेही पेपर फुकट वाचायला मिळतात म्हणून. ज्याला नुसती चिर्प बघायचीये त्याने ३२ सेकंदांची कुठलीही फाइल उचलावी. ज्याला टायमिंग तपासायचंय त्याने १६३८४ चीच घ्यावी, ओ-वनची हॅनफर्डची, नॉच न मारता, आणि आधी ३३१.९ ची सुई शोधावी.